वाघ घर सोडतो तेव्हा

सकाळची वेळ. शेतकरी वावरात जातो. नाल्याजवळच्या ओल्या मातीत त्याला एक मोठा ठसा दिसतो. चार बोटं आणि मागे रुंद गादी. नखं कुठे उमटलेली नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखांचे टोचे दिसतात. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो. शेतकरी ओळखतो, हा वाघाचा पंजा. घटकाभरात गावभर एकच बोलणं सुरू होतं, "वाघ आला, वाघ आला!"

मग पारावर माणसं जमतात. कुणी म्हणतं, काल तर इथे वाघ नव्हता. कुणी म्हणतं, वनखात्याने आणून सोडला असेल. कुणी म्हणतं, आता तो इथेच राहणार, माणसं खाणार. जितकी तोंडं तितक्या गोष्टी.

नागपूर जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांना ही सकाळ ठाऊक आहे. रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर, कुही, काटोल, हिंगणा, कुठल्याही तालुक्यात विचारा. म्हणून तीन प्रश्नांची उत्तरं आपल्याला माहीत हवीत. हा वाघ आला कुठून? तो चालला कुठे? आणि तो वाटेवर असताना आपण काय करावं?

नागपूरच्या चहूकडे वाघाची रानं

नकाशा उघडा आणि नागपूर शहरावर बोट ठेवा. बोट उत्तरेला सरकवा. रामटेकच्या पलीकडे पेंचचं रान लागेल. १९७५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झालं. बोट वर्ध्याकडे न्या. तिथे बोरचं रान आहे. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे नवेगाव-नागझिरा. आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला. दक्षिणेला चंद्रपूरकडे ताडोबा. पश्चिमेला लांबवर मेळघाट. नागपूर हे अशा रानांच्या मधोमध वसलेलं शहर आहे.

ही रानं एकमेकांना चिकटलेली नाहीत. मध्ये गावं आहेत, धानाची बांधी आहे, कपाशीची वावरं आहेत, संत्र्याच्या बागा आहेत. कोळशाच्या खाणी, कालवे, रेल्वे आणि मोठे रस्ते आहेत. मात्र मध्ये अधूनमधून झुडपी रान, टेकड्या, नदीनाल्यांचे काठ हेही आहेत. वाघ एका रानातून दुसऱ्या रानात जातो तो यांच्या आडोशाने. अशा वाटेला वनखात्याचे लोक भ्रमणमार्ग म्हणतात. आपण साध्या भाषेत वाघाची वाट म्हणू.

वाघाच्या घरात वाटण्या होत नाहीत

वाघ घर सोडतोच कशाला? रानात त्याला काय कमी आहे?

आपल्याकडे बापाचं वीस एकर वावर असलं आणि चार मुलं असली, तर वाटण्या होतात. प्रत्येकाच्या वाट्याला पाच एकर येतं. पोट भरो न भरो, वाटा मिळतो. वाघाच्या घरात अशी वाटणी नाही.

वाघीण साधारण साडेतीन महिने गाभण राहते. एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात, कधी चारही. ती दीड ते दोन वर्षं आईबरोबर राहतात. दबा कसा धरायचा, सावज कसं पाडायचं, हे आईकडून शिकतात. मग एक दिवस आई त्यांना जवळ येऊ देत नाही. गुरगुरते, हाकलते. मुली पुष्कळदा आईच्या शेजारीच जागा शोधतात. मुलग्यांना मात्र लांब जावं लागतं. तिथला मोठा वाघ दुसऱ्या नराला टिकू देत नाही. राहिला तर लढाई. लढाईत कोवळा वाघ मरतो, नाहीतर लंगडा होतो.

वाघाला जागा तरी किती लागते? भरपूर चितळं-सांबरं असलेल्या चांगल्या रानात एका वाघिणीला वीस चौरस किलोमीटर जागा पुरते. म्हणजे जवळजवळ पाच हजार एकर. रान विरळ असलं तर याच्या दुप्पट-तिप्पट लागते. नराचा मुलूख त्याहून मोठा. त्यात दोन-तीन वाघिणींचे मुलूख येतात.

इतकी जागा लागते ती पोटासाठी. एक वाघ वर्षाला चितळाएवढी सुमारे पन्नास जनावरं मारतो. रानात पन्नासच चितळं असली तर वर्षात रान रिकामं होईल. पाचशे असली, तर जेवढी मेली तेवढी पुन्हा जन्माला येतात. पाचशे चितळं हे भांडवल आणि पन्नास हे त्याचं व्याज. व्याज खाऊन जगता येतं. भांडवल खाल्लं की दिवाळं निघतं.

म्हणून प्रत्येक रानाला एक हिशेब असतो. त्या हिशेबापेक्षा जास्त वाघ तिथे राहू शकत नाहीत. वरच्या जवान वाघांना बाहेर पडावंच लागतं. तुमच्या वावरात पंजा उमटवून गेलेला वाघ बहुधा असाच घराबाहेर पडलेला दोन-तीन वर्षांचा पोर असतो. त्याला कुणी आणून सोडलेलं नसतं. तो जागा शोधत फिरत असतो.

वाघ मोजतात कसे?

सही शिकण्याआधी आपण कागदावर अंगठा उठवत होतो. दोन माणसांचे अंगठे सारखे नसतात, म्हणून तो चालत असे. वाघाच्या अंगावरचे पट्टेही तसेच. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टेसुद्धा वेगळे असतात.

म्हणून रानातल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला कॅमेरे बांधतात. जनावर समोरून गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. दोन्ही कुशींचे फोटो मिळतात. मग पट्टे जुळवून पाहतात, हा कालचाच वाघ की नवा? याच फोटोंवरून कळतं, की एका रानात पाहिलेला वाघ दोन वर्षांनी दुसऱ्या रानात निघाला.

दर चार वर्षांनी देशभर अशी मोजणी होते. २००६ साली भारतात सुमारे १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. तेव्हा सगळ्यांच्या काळजात चर्र झालं. २०२२ साली हा आकडा ३,६८२ पर्यंत गेला. महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ होते. २०२२ साली ४४४ झाले. यातले फार मोठ्या संख्येने विदर्भातच आहेत.

वाघ चौपट झाले. रानं मात्र चौपट झाली नाहीत. वावरात पंजे का वाढले, याचं उत्तर याच दोन वाक्यांत आहे.

जय नावाचा वाघ

नागझिऱ्याच्या रानात एक धिप्पाड वाघ जन्मला. लोकांनी त्याला जय म्हटलं. २०१३ साली तो नागझिऱ्यातून दिसेनासा झाला. पुढे उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात एक नवा नर दिसू लागला. पट्टे जुळवून पाहिले तर तो जयच!

मधली वाट थोडीथोडकी नाही. वैनगंगा नदी आहे. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा मोठा रस्ता आहे. शेकडो गावं आणि धानाची शेतं आहेत. हे सगळं ओलांडून तो आला आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

उमरेड-कऱ्हांडल्याचं अभयारण्य २०१२ साली नुकतंच जाहीर झालं होतं. जय तिथला धनी झाला. त्याची पुष्कळ पिल्लं झाली. दूरदूरची माणसं त्याला पाहायला येऊ लागली. जिप्सी चालवणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या गावच्या पोरांना काम मिळालं. एक वाघ चालत आला आणि एका रानाचं नशीब पालटलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यानंतर जय कुणालाच दिसला नाही. त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा होता. तोही मुका झाला. पुष्कळ शोध झाला, पण जय सापडला नाही.

तीन हजार किलोमीटरची पायपीट

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर नावाचं लहानसं अभयारण्य आहे. तिथल्या एका जवान वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत पट्टा बांधला. या पट्ट्यातून आकाशातल्या उपग्रहाला खबर जाते. वाघ आता कुठे आहे, हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांना घरबसल्या कळू लागलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो वाघ निघाला. तेलंगणातल्या आदिलाबादकडे गेला. परत महाराष्ट्रात आला. नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे मागे टाकत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळी फिरती मोजली तर सुमारे नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून जास्त भरली. नागपूरहून पंढरपूरला पायी जाऊन परत आलो, आणि पुन्हा एकदा जाऊन आलो, तरी एवढी चाल होणार नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं वॉकर, म्हणजे चालणारा.

तो चालायचा रात्री. दिवसा नाल्याच्या झुडपात, पिकात निजून राहायचा. रानडुकरं मारायचा, कधी गाईगुरंही. वाटेत हजारो माणसं होती. पण माणूस जखमी झाल्याची एकच घटना घडली. लोक पाहायला म्हणून तो बसला होता त्या झुडपापर्यंत गेले, तेव्हा. वाटसरू वाघाला माणसाशी भांडण नको असतं. त्याला पुढे जायची वाट हवी असते.

ज्ञानगंगेत वॉकरला रान मिळालं, सावज मिळालं. पण तिथे एकही वाघीण नव्हती. नुसती जागा मिळून घर होत नाही.

टिपेश्वरचे आणखीही वाघ असेच निघाले. एक २०२१ साली मराठवाड्यातल्या गौताळ्याला पोहोचला. एक २०२४ साली धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रानात दिसला. जिथे आजोबांच्या गोष्टीतच वाघ उरला होता, तिथे तो पुन्हा चालत गेला.

वाट बंद झाली तर?

कुणी म्हणेल, वाघांना त्यांच्या रानात कुंपण घालून ठेवा. आपणही सुखी, वाघही सुखी.

विचार करा. आपण सोयरीक करताना नातं पाहतो. फार जवळच्या रक्तात लग्न करू नये म्हणतो. वाघाला सोयरीक पाहता येत नाही. रान बंद झालं, तर भाऊबहीण, बापलेक यांच्यातच जोड्या लागतात. दहा-वीस पिढ्यांत रक्त कमजोर होतं. ओडिशात सिमिलीपाल नावाचं रान आहे. तिथले थोडे वाघ बाकीच्यांपासून तुटले. आता तिथल्या कित्येक वाघांचे काळे पट्टे एकमेकांत मिसळून अंग काळंकाळं दिसतं. शास्त्रज्ञांनी २०२१ साली याचं कारण शोधलं. एकाच घराण्यातल्या जोड्यांमुळे हा दुर्मीळ गुण तिथे पसरला. काळा रंग एकवेळ चालेल. पण अशाच वाटेने रोग आणि वांझपणही येऊ शकतो.

दुसरी गोष्ट. एखाद्या रानात साथ आली किंवा शिकाऱ्यांनी घाला घातला, तर ते रान रिकामं होतं. राजस्थानात सरिस्का आणि मध्य प्रदेशात पन्ना ही रानं अशीच रिकामी झाली. मग दुसरीकडून वाघ नेऊन सोडावे लागले. पन्नासाठी २००९ साली एक नर नेला तो आपल्या शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या पेंचमधून. सोडल्यावर थोड्याच दिवसांत तो दक्षिणेला, आपल्या जुन्या घराच्या दिशेने चालू लागला. त्याला धरून पुन्हा पन्नात आणावं लागलं. पुढे तिथे वाघांची वस्ती पुन्हा वाढली. वाट उघडी असती, तर एवढा खटाटोप करावाच लागला नसता. शेजारचा वाघ आपल्या पायांनी आला असता.

विहिरीला झरा असला तर उपसूनही पाणी येतं. झरा बुजला तर ती नुसती टाकी. रान ही विहीर आणि वाट हा झरा.

वाटेवरचं मरण

बोरच्या रानात बाजीराव नावाचा मोठा नर होता. २०१७ च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावाजवळ गाडीच्या धडकेने तो मेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जयचा मुलगा श्रीनिवास चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ मेला. शेताच्या कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली होती. तार रानडुकरांसाठी लावली होती, अडकला वाघ.

पण रस्त्यावर उपायही निघतो. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा रस्ता पेंचच्या रानातून जातो. तो रुंद करताना मनसर ते खवासा या टप्प्यात जनावरांसाठी नऊ जागी पुलाखालून वाटा ठेवल्या. त्यातली सर्वांत मोठी ७५० मीटर लांब आहे. वर मोटारी धावतात, खालून रान चालतं. कॅमेरे लावून पाहिलं तर अठरा जातींची जनावरं खालून जाताना दिसली. त्यांत अकरा वेगवेगळे वाघ होते. वाट ठेवली, तर जनावर ती शोधून काढतं.

आपण काय करावं?

ज्याच्या घरचं माणूस वाघाने नेलं, त्याला वाघाचं कौतुक सांगू नये. विदर्भात, त्यातही चंद्रपूर जिल्ह्यात, दरवर्षी माणसं मरतात. मरणारी माणसं गरिबाघरची असतात. मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी, सरपण आणणारी, गुरं राखणारी. म्हणून सावधपण ही गरिबाची गरज आहे. या गोष्टी पाठ करा.

एक. पहाटे आणि तिन्हीसांजेला रानात जाऊ नका. वाघाची हिंडायची वेळ तीच.

दोन. एकटं जाऊ नका. चार-पाच जण मिळून जा. बोलत, आवाज करत जा. अचानक समोर आलेला माणूस पाहून वाघही बिथरतो.

तीन. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. फुलं वेचताना, पत्ता तोडताना एकाने उभं राहून चहूकडे नजर ठेवावी. त्या माणसाची मजुरी सगळ्यांनी वाटून घ्यावी.

चार. वाघ दिसला तर पाठ फिरवून पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. पिल्लं दिसली तर जवळच वाघीण आहे असं समजा.

पाच. वाघ आल्याची खबर लागली की गर्दी करू नका. दगड मारू नका. मोबाइलने फोटो काढायला झुडपाकडे जाऊ नका. त्याला निघून जायला एक बाजू मोकळी ठेवा. बहुतेक वाटसरू रात्रीतून पुढे जातात.

सहा. गुरं रात्री बंद गोठ्यात बांधा. वाघाने गाय मारली तर मढ्याला हात लावू नका, त्यावर विष घालू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. पंचनामा झाला तर भरपाई मिळते. माणूस दगावला तर घरच्यांना २५ लाख रुपये द्यायचं सरकारने २०२३ साली ठरवलं. आपला हक्क माहीत असावा. वनखात्याचा फोन १९२६ हा आहे. घरच्या भिंतीवर तो मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

सात. कुंपणात घरची वीज सोडू नका. त्या तारेला वाघ ओळखता येत नाही आणि माणूसही ओळखता येत नाही. आपलंच लेकरू, आपलाच शेजारी तिथे मरतो. सौर झटका मशीन मिळतं. त्याचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही.

शेवटी

एक वाघ गावाच्या शिवेवरून जातो तेव्हा तो आपल्या घराच्या शोधात असतो. आपलीही पोरं बारावी झाली की नागपूरला, पुण्याला जातात. जागा शोधतात, काम शोधतात. कुणी आसरा देतं, कुणी हाकलतं. वाघाच्या पोराची गत काही वेगळी नाही. फरक एवढाच, की त्याला वाट विचारता येत नाही.

पुढच्या वेळी वावरात पंजा दिसला, तर आधी त्याची दिशा पाहा. बोटं जिकडे, तिकडे तो गेला. मग वनरक्षकाला फोन करा, शेजाऱ्याला सांगा आणि पोरांना, गुरांना त्या दिशेने जाऊ देऊ नका. दोन दिवस सांभाळले, तर पुष्कळदा वाघही वाचतो आणि माणूसही.

वाचलेलं आठवा आणि सांगा

१. वाघाच्या आणि कुत्र्याच्या ठशात काय फरक असतो?
२. जवान नर वाघ आईचं रान का सोडतो?
३. पाचशे चितळं आणि पन्नास चितळं, यांतलं भांडवल कोणतं आणि व्याज कोणतं?
४. तुमच्या गावाजवळ कोणतं रान आहे? तिथून दुसऱ्या रानाकडे जाणारा नाला किंवा टेकडी कोणती? नकाशा काढून दाखवा.
५. वनखात्याचा फोन किती आकड्यांचा आहे? तो न पाहता लिहा.